एकाच घरातली दोन मतं

पुण्यात कर वाढवताना आम्हाला कधी कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकजवळच्या आमच्या लहानशा गावात, त्यासाठी चक्क मतदान ठेवलं होतं. फायर सर्व्हिसला खर्चासाठी कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टीच, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाढवायचा होता, आणि तसं करायचं तर लोकांना विचारायलाच हवं असा इथला कायदा. पासपोर्ट भारताचा असूनही, कॉमनवेल्थ देशातले म्हणून, आम्हाला मत होतं. मला कोण आनंद झाला. नवरा म्हणाला, कर वाढवा असं आपणहून सांगायला जायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

कौल 'नाही' असा लागला तर गावातला आगीचा बंब जाणार होता. त्या बंबावर जाणारी एक बाई आमची शेजारीण. एरवी हेअरड्रेसर, पण कमरेचा पेजर वाजला की फायरफायटर. एकदा माझे केस एका बाजूने कापून झाले आणि पेजर वाजला. कात्री टाकून बाई पळाली. मी गळ्याभोवती ते कापड गुंडाळून, आरशात स्वतःचं ध्यान बघत बसले. परतली तेव्हा तिच्या अंगाला धुराचा वास येत होता, आणि तिने निमूटपणे उरलेली बाजू कापली. तेव्हापासून ती मला फार आवडते.

हे सगळं मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, शेजारच्या टाऊनमधून येईलच की बंब. मी म्हटलं, येईल, राख भरायला. चांगलंच वाजलं आमचं. शेवटी एकाच छत्रीतून कम्युनिटी हॉलला गेलो. मी 'हो'वर खूण केली, त्याने 'नाही'वर, आणि येताना त्यानेच ते सांगितलं. म्हणजे आमच्या घराने मत दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. इतकी चिडले की रात्री नुसती खिचडी टाकली.

कौल 'नाही' असाच लागला.

बंब जायच्या आधी शेजारीण घरोघरी स्मोक अलार्म तपासत फिरत होती. आमच्या स्वयंपाकघरात येऊन तिने वर पाहिलं. अलार्मवर हॉटेलातली शॉवर कॅप चढवलेली. होमाच्या धुराने तो कोकलू नये म्हणून वास्तुशांतीला नवऱ्याने घातली होती, ती तशीच राहिलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याने घाईघाईने खुर्ची आणून धरली. तिने वर चढून कॅप काढली, बटण दाबून आवाज ऐकला आणि खाली त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "हा वाजला की सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. कोणी आत राहिलं, तर मी शेजारी असूनही बंबाशिवाय आत जाऊ शकणार नाही."

ती उतरून दुसऱ्या खोलीत गेली, तरी तो खुर्ची धरूनच उभा होता.