माहेरची वाटी, सासरची वाटी

ती वाटी आजही आठवते, आणि आठवली की माझा पारा गिरणीच्या चिमणीएवढा चढतो.

लालबाग भागातल्या ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. माझ्या मिशीचा दरारा असा, की काळाचौकीतली मांजरंसुद्धा माझी परवानगी घेऊन आडवी जायची. त्या माझ्या टेबलावर एका मालवणी सासूबाईंनी सुनेचं मंगळसूत्र आपटलं. रिवाजाप्रमाणे दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची. सासरची पिवळीधमक. माहेरची लालसर आणि एका बाजूने चेपलेली.

"ह्या काय सोना, सायबा? बोट लावलां तर चेपता. सुनेच्या बापाशीन आमका फसवल्यान."

सासरची वाटी ज्याने घडवली, त्याच गिरगावातल्या शेठने माहेरची वाटी हिणकस ठरवली होती. मग सुनेला नायगावला बापाकडे धाडलं. बाप खरी वाटी देईल तेव्हाच परत यायचं. नखाएवढ्या ऐवजासाठी संसार मोडायला काढलेला! अहो, बावीस कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले बावीस सोन्याचे, उरलेले दोन तांब्याचांदीचे. तांबं जास्त पडलं तर लाली, चांदी जास्त पडली तर फिकटपणा, कस तोच. पण रंग बघून सोनं आणि सोनं बघून सून पारखणारे लोक आपले!

मी नोंद घेतली आणि माझ्या खबऱ्याला कामाला लावलं. त्याने आणलेली टीप ऐकून माझा चहा बशीतच राहिला.

"साहेब, तो शेठ ज्याला खोटं म्हणतो ना, तेच पडत्या भावात मोडीत घेतो. खोटं सोनं हौसेने घेणारा सोनार बघितलाय कधी?"

शेठला बोलावलं, दोन्ही घरच्यांनाही. माणूस गोड, कपाळावर गंध, बोलणं श्रीखंडासारखं. सासरची चकचकीत वाटी कसोटीवर घासून दाखवली, पिवळी रेघ उमटली. इतक्या लहान दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, हेही त्याने मलाच शिकवलं. मी मान डोलावत राहिलो. पोलिसाने मूर्ख दिसावं, समोरचा मोकळा होतो. मला तर त्यासाठी फार कष्टही पडत नाहीत.

मग मी म्हटलं, "शेठ, घासून वरचं कळतं. आपण दोन्ही वाट्या कापू."

शेठला एकदम धर्म आठवला. "मंगळसूत्राला कात्री? साहेब, अपशकुन होईल."

सासूबाईही उठून उभ्या राहिल्या. पोराच्या आयुष्याचा प्रश्न होता म्हणे. बापाबरोबर आलेली सून कोपऱ्यातून पुढे झाली. बापाने मात्र मान वर केलीच नव्हती.

"कापा, साहेब," ती म्हणाली. "आधी माझ्या बाबांची."

तपासणी केंद्रातल्या कारागिराने पंचांसमोर कात्री चालवली. चेपलेली वाटी आतूनही तशीच, लालसर सोनेरी. मग सासरची कापली. वर सोन्याचा जाड मुलामा, आत पांढरी चांदी. गाळून केलेल्या चाचणीनेही तेच सांगितलं. बापाने तेव्हा कुठे मान वर केली, आणि शेठची खाली गेली. चौकशीत त्याने कबुली दिली. आपला माल पकडला जाऊ नये म्हणून तो जोडीच्या खऱ्या सोन्यावर आळ घ्यायचा. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

पण माझा खरा संताप कायद्यात बसत नव्हता. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर लेकीच्या बापाला चोर ठरवणाऱ्यांना कुठलं कलम लावू?

नवी वाटी घेऊन सासूबाई नायगावला गेल्या, मलाही मध्यस्थ म्हणून नेलं. सून म्हणाली, "आई, आधी बिल." बिल निघालं. "तपासणीचा कागद?" तोही निघाला. तिने दोन्ही सावकाश वाचले. सासूबाई पदराचं टोक पिळत बसल्या.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की सोन्याचा कस तपासणी केंद्रात विचारावा, घरात नव्हे. चेपतं म्हणून ते खरं ठरत नाही, पण चेपतं म्हणून खोटंही ठरत नाही. ज्यावर कोणी बोट ठेवतो, त्याच्याआधी बोट ठेवणाऱ्याचा माल कापून बघावा.

सुनेने मग नवी वाटी अंगठ्याखाली धरून हलकेच दाबली. एक बाजू किंचित आत गेली. डाग देऊन सांधून आणलेल्या माहेरच्या वाटीशेजारी धरून तिने ती सासूबाईंना दाखवली.

"आता जमली जोडी," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.