वाट ओळखल्याशिवाय नाव नाही

लाखांदूरच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढली, तेव्हा बाबांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला त्याचाच राग आला. लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि मी तुमसरला, नवऱ्याच्या बिऱ्हाडी निघाले होते. आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि बाबा आपले ट्रंकेची दोरी नीट बांधली का ते बघत होते. गाडी सुरू झाली तेव्हा कुठे खिडकीशी आले. "पोहचली म्हनून सांगू नोको, बाई. करमलं म्हनजे सांगजो. मंग येईन मी."

तुमच्यापैकी जे पुण्याला गेले, दुबईला गेले, ते हसतील. लाखांदूर ते तुमसर, एकच जिल्हा! पण भंडाऱ्याला गाडी बदलून दिवस कलता तिथं उतरले तेव्हा मला मुलूख बदलल्यासारखं वाटलं. आमचे हे एका राईस मिलमध्ये फिटर. मिलच्या मागे कामगारांच्या खोल्यांच्या लायनी, सगळ्या सारख्या, सगळ्यांना टिनाची छपरं, सगळ्यांवर कोंड्याची धूळ. माहेरी मी धान उभा पाहिला होता, शेताच्या बांधीतला, वाऱ्यावर डोलणारा. इथं तो पोत्यांतून यायचा, आणि उसन्या, म्हणजे उकडलेल्या, तांदळाचा उग्र वास दिवसभर नाकात बसायचा. शेजारच्या बालाघाटच्या भाभी हिंदीत बोलायच्या; मी मान डोलवायचे. पहिल्याच आठवड्यात पाणी घेऊन मी दुसऱ्याच्याच घरात शिरले होते. अजून चिडवतात मला.

पुढं मी हिंदी शिकले. मीना झाली, शाळेत जाऊ लागली. पण दर दिवाळीला माहेरी गेले की बाबा एकच विचारायचे, "करमलं?" मी खाली बघायचे. खोटं बोलायची सोय नव्हती त्यांच्यापुढं. आणि शब्दाचे इतके पक्के, की नात झाली तरी तुमसरला आले नाहीत. बारशालाही आई एकटीच आली. मला वाटायचं, एवढा कसला हट्ट? आणि मनातून वाटायचं, आपणच सांगून टाकावं. पण करमत नव्हतं, तर कसं सांगणार?

एका दिवाळीत घरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. मीनानं त्यातलं एक तांबूस पिल्लू उराशी धरलं ते सोडेचना. बाबांनी पिशवीत घालून दिलं आणि बजावलं, "नाव इथं ठेवू नोका. तिथं वाट ओळखू द्या त्याले."

आमच्या घरची ही जुनी रीत. पिल्लू जरा मोठं झालं की त्याला बैलबंडीत घालून शेतावर न्यायचं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सोडायचं आणि गुपचूप परत यायचं. आपल्या पायांनी घरी आलं, की ज्याला ते पहिल्यांदा दिसेल त्यानं हाक मारायची. जी हाक तोंडातून निघेल तेच त्याचं नाव. मग पेजेची वाटी. तोवर ते नुसतं पिल्लू.

तुमसरला कुठली बंडी नि कुठला धुरा! रस्त्यावर धानाचे ट्रक. माझी काही हिंमत होईना. मीनानं शाळेतून नाव आणलं होतं, 'जिम्मी'. मी म्हटलं, "हे काय नाव हाये? वाट ओळखली त वाघ्या म्हनू." माहेरच्या सगळ्या कुत्र्यांची नावं तशीच, वाघ्या, मोत्या, खंड्या. मीना रुसली. अख्खी लाइन त्याला जिम्मी म्हणायची आणि मी एकटी, "ए पिल्ल्या". भाभी म्हणायच्या, "बेचारे का नाम तो रख दो!"

मळणी आटोपली आणि एक दिवस बाबा दारात उभे. आमचे हे त्यांना स्टँडवरून सायकलवर घेऊन आले होते. "तू त सांगतच नाई," बाबा म्हणाले, "म्हनून पाहाले आलो."

काय पाहायला आले ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी पिल्लाला काखेत मारून निघाले. मी ओरडले, "बाबा, इथं ट्रक हायेत! कायले नेता?" "मी हावो नं," म्हणाले आणि गेले.

मी दारातच बसले. भाजी करपली. हे ड्यूटीवर, मीना शाळेत. पिल्लाचं काय होईल, आणि हरवलं तर मीनाला काय सांगू! थोड्या वेळानं दुसरीच धास्ती बसली. बाबांनी आमचं घर धड पाहिलं तरी कुठं होतं? सगळी दारं सारखी. नवख्या माणसाला इथं स्वतःचं घर सापडत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक!

मग लाइनीच्या टोकाला काहीतरी तांबूस हललं. कोंड्याच्या ढिगाला वळसा घालून, भाभींचं दार ओलांडून, कान उडवत ते सरळ माझ्याकडे धावत आलं.

"जिम्मी!" मी ओरडले. "जिम्मी, ये, ये!"

मागून बाबा, धोतराचा सोगा हातात, धापा टाकत. ओट्यावर बसले आणि हसतच सुटले. "बाजारापाशी सोडलं याले आन् मीच वाट चुकलो. मी याले सोडाले गेलो, यानंच मले आनून सोडलं!" मग पाणी प्यायले, माझ्याकडे बघितलं. "काय हाक मारली तू?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वाघ्या आठवलाच नव्हता मला.

"सांगितलं नं मंग," बाबा म्हणाले. "करमलं तुले." आता मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तर हमसून रडले. दुःखानं नव्हे. इतकी वर्षं मी माहेर सोडल्याचं मोजत बसले होते आणि इकडं माझं घर कधी झालं ते मलाच कळलं नव्हतं. जिम्मीला पेज मात्र मीनानं शाळेतून आल्यावर पाजली, मोठ्या तोऱ्यात.

परत जाताना स्टँडवर मी विचारलं, "बाबा, आता केव्हा येता?"

"येईन. पन याले न्याले पाठवजो. मले काही घर सापडत नाई तुयं."

त्यानंतर धान घरात आला की बाबा यायचे. मी आणि जिम्मी स्टँडवर उभे असायचो. मला आता घर कुठलं म्हणून विचारलं, की माझ्या डोळ्यांपुढं तोच रस्ता येतो. पुढं जिम्मी, मागं बाबा, आणि मी त्या दोघांना माझ्या घरी घेऊन चालले आहे.