एमॉसनं फोनवर ऐकलेलं चाक

बग्गी दोन फूट पुढे ढकलली आणि मागच्या डाव्या चाकातून खडखड आवाज आला. डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तसा.

आमचे मालक काळेसाहेब बघतच राहिले. "कदम, हे काय? पंधरा दिवसांवर लग्न आलंय!"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजात आमचं ट्रकच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप होतं, मी तिथला इंजिनिअर. अल ऐनच्या एका घोडेशौकीन अरब गृहस्थानं मुलीच्या वरातीसाठी अमेरिकेहून लाकडी बग्गी मागवली होती. ती जोडून द्यायचं काम आमच्याकडे होतं. तीन चाकं ठणठणीत होती. या एकाची पेटी मात्र आम्ही महिनाभर आधी हौसेनं उघडली होती आणि चाक पत्र्याच्या शेडमध्ये तसंच ठेवलं होतं. त्या हवेत लाकूड सुकलं, आकसलं, आणि आरे ढिले झाले.

आमचे हेड फिटर इब्राहिमभाई रायगडातल्या म्हसळ्याचे. ते म्हणाले, "पाण्यात टाकू. लाकूड फुगेल, आरे आवळतील." दोन दिवस चाक टाकीत ठेवलं. बाहेर काढल्यावर घट्ट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच खडखड. उलट थोडी जास्तच.

पेटीच्या झाकणावर पेन्सिलीनं एक फोन नंबर लिहिला होता. खाली, 'सकाळी सात ते सव्वासात.' त्यांचे सात म्हणजे आमचे दुपारचे चार. मी बरोबर चारला नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला.

"एमॉस बोलतोय."

हाच तो चाकं करणारा कारागीर. पेनसिल्व्हेनियातल्या एका खेड्यात राहायचा. तो मेनोनाइट, म्हणजे साधेपणानं राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. त्याच्या गटातले लोक घरात फोन ठेवत नसत, मोटार चालवत नसत. शेताच्या कडेला लाकडी खोपटात एक फोन होता, आणि हा रोज पंधरा मिनिटं तिथं उभा राहायचा.

मी तक्रार सांगितली. पाण्याचं मात्र गाळलं.

"फोन चाकाजवळ धरा," तो म्हणाला. "लाकडी हातोडीनं एकेक आरा वाजवा. वरून सुरुवात करा."

ऑफिसचा फोन लांब वायर लावून खिडकीतून बाहेर काढला. इब्राहिमभाई वाजवत होते, मी रिसीव्हर धरून होतो. चौदा आरे. घट्ट आरा टणकन वाजतो, ढिला आरा भद्द. सगळे झाल्यावर मी फोन कानाला लावला.

"तिसरा, चौथा आणि अकरावा," एमॉस म्हणाला. "आणि मिस्टर कदम, हे चाक तुम्ही पाण्यात ठेवलं होतं."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "हो. दोन दिवस."

"मग आता पाच दिवस सावलीत वाळवा. ऊन नको, घाई नको. उद्या याच वेळी पुन्हा ऐकवा."

ते पाच दिवस मी चारची वाट शाळेच्या घंटेसारखी बघितली! आरे ऐकून झाले की उरलेल्या मिनिटांत तो बोलायचा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून बापाच्या हाताखाली लागला. तरुणपणी सैन्याचं बोलावणं आलं. त्यांच्या धर्मात हत्यार धरायचं नाही, म्हणून त्या बदल्यात दोन वर्षं इस्पितळात रुग्णांची बेडपॅन धुतली. "ते शिक्षणही चांगलं होतं," तो म्हणाला. सात मुलं, नातवंडं किती ते मात्र त्याला बोटांवर मोजून सांगावं लागलं.

पाचव्या दिवशी सगळे आरे ऐकून तो म्हणाला, "आता पूर्ण वाळलं. धाव काढा, तीन सूत कमी करा आणि तापवून बसवा. उद्या."

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पट्टी जास्त कापली तर ती चाकाला इतकी आवळते की आरे मोडतात. कमी कापली तर खडखड कायम. दुसरं चाक मागवायला वेळच नव्हता.

दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाईंनी पट्टी कापून वेल्डिंग केली. "माझे आजे बैलगाडीला धाव बसवायचे," ते म्हणाले. "लहानपणी लांबून बघितलंय. जवळ येऊ द्यायचे नाहीत."

अंगणात मोडक्या पॅलेटची आग पेटवली. पट्टी लालसर झाली. काडी टेकवली तर धूर निघाला.

"यल्ला! उचला!" इब्राहिमभाई ओरडले.

तिघांनी चिमट्यांनी पट्टी उचलली आणि चाकावर टाकली. लाकडानं पेट घेतला! धूर, ठिणग्या, हातोड्यांचे घाव. "पाणी! पाणी!" बादल्या ओतल्या. वाफेत काही दिसेना, फक्त आवाज येत होता. कट्, कट्, कट्. आरे आपापल्या जागी घुसत होते. काळेसाहेब टाय सोडून बादली घेऊन धावत होते. एकही आरा मोडला नाही.

चारला फोन. चौदा वेळा टण, टण, टण. पलीकडे एमॉस मोठ्यांदा हसला. "चांगलं काम! लोहाराला सांगा. आता बाकीची तीनही आज ना उद्या सुकतील. तेव्हा फोन करा."

इब्राहिमभाई त्या चाकाभोवती नुसतेच दोन फेऱ्या मारून आले.

वरात थाटात निघाली.

चार महिन्यांनी बग्गी परत आली. तीन चाकं खडखडत होती. मी चारला फोन केला. बाईचा आवाज आला. त्याची बायको, लिडिया.

"एमॉस गेले. तीन आठवडे झाले."

स्वतःच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसल्या बसल्या गेला. हिवाळ्यातच डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती. आमच्याशी बोलत होता तेव्हा त्याला ते माहीत होतं. शेजाऱ्यांनी खड्डा खणला, मेव्हण्यानं साधी पेटी केली. फुलं नाहीत, भाषणं नाहीत. तसाच त्यांचा रिवाज.

"जेवताना तुमच्या चाकाची गोष्ट सांगायचे," ती म्हणाली. "प्रत्येक आरा कसा वाजला ते टेबलावर वाजवून दाखवायचे. मुलं कंटाळली होती."

मी तिला इब्राहिमभाईंचा सलाम सांगितला. तिनं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

उरलेली तीन चाकं इब्राहिमभाईंनी कोणालाही न विचारता बसवली. आरे वाजवून, स्वतः ऐकून.

मी मात्र वर्कशॉपमध्ये एक नियम केला. बाहेरच्या जाणकाराला फोन करायचा असेल, तर आपण काय माती खाल्ली ते पहिल्या वाक्यात सांगायचं. नव्या इंजिनिअरना त्यात अपमान वाटायचा. पण फोन लवकर आटोपायचे.