सातवा रकाना

दवाखान्यात तिला सगळे रकानेबाई म्हणत. बाळंतपणाच्या नोंदवहीत दहा रकाने, आणि तिच्या पाळीत त्यातला एक जरी कोरा राहिला असेल तर शपथ. शेजारच्या खिडकीवरची तिची जोडीदारीण निम्मे रकाने सोडून स्वेटर विणत बसे. "अगं, वाचतंय कोण ते?" असं वर विचारे.

सातवा रकाना भाषेचा होता. "तुमची भाषा कोणती?" असं रकानेबाई कधीच विचारत नसे. तसं विचारलं की माणूस सावध होतं आणि साहेबाला आवडेल तेच सांगतं, हे तिला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. ती विचारायची, "कळ आली की ओरडता कशात?" बाई तेवढ्या कळांतही हसायची आणि खरं बोलून जायची. त्यावरून तिच्या खाटेशी तीच भाषा येणारी नर्स पाठवायची. रकान्याचा उपयोग एवढाच.

नदीपलीकडच्या बोलीला ती 'पैलाडी' लिहायची. आता पैलाडी म्हणजे कोण, हे गावात जितक्यांना विचाराल तितकी उत्तरं. भाजीबाजारात पूल ओलांडून येणारा प्रत्येक जण पैलाडी. घरमालकांच्या तोंडी ती शिवी. रकानेबाईच्या लेकीचे सासरे छाती काढून स्वतःला पैलाडी म्हणवत, आणि त्यांना ती भाषा दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती. उलट दवाखान्याचे कपडे धुणारी बाई पैलाडी घडाघडा बोले, पण कुणी तसं म्हटलं की फणकारे, "बोलते मी पैलाडी. पैलाडी नाही मी! माझी पणजी याच गल्लीत मेली."

हा सगळा गमतीचा मामला होता, सरकारी पत्र येईपर्यंत.

मंगळवारी अकराच्या सुमाराला हेडक्लार्कने ते तिच्या टेबलावर ठेवलं. "पाच वर्षांत सातव्या रकान्यात पैलाडी आहे त्या सगळ्या बायांची यादी करा. नाव, पत्ता, मूल. परवा माणूस न्यायला येईल."

"कशासाठी?"

"ते लिहिलेलं नाही." त्याने आवाज खाली आणला. "शेजारच्या गावातून अशीच यादी गेली होती. त्या बायांना चौकशीला बोलावलं. त्यातल्या दोघी अजून घरी आलेल्या नाहीत."

तिने वह्या काढल्या. एकूण नावं एक्केचाळीस. सत्ताविसावं नाव तिच्या सुनेचं निघालं. पुढे नातीचा जन्म, तीन वर्षांपूर्वीचा. अक्षर तिचंच, मोत्यासारखं. तो दिवस तिला लख्ख आठवला. सून बाकावर कण्हत होती आणि जोडीदारीण म्हणत होती, "घरचीच तर आहे, सोड की एखादा रकाना." त्यावर हिने केवढ्या तोऱ्यात उत्तर दिलं होतं, "घरची म्हणून सूट?"

तिने सव्विसावं नाव उतरवलं आणि त्याखाली थेट अठ्ठाविसावं. यादी झाली चाळीसची.

तेवढ्यात कपडेवाली खिडकीशी येऊन उभी राहिली. "बाई, यादी करताय म्हणे. धाकट्याच्या वेळची मी आहे का त्यात?"

"आहात."

"अहो, पण तुम्ही विचारलंत ओरडता कशात! मी सांगितलं. तुम्ही काय विचारलंत ते त्यांना कोण सांगणार? त्यांना दिसणार नुसता शब्द." तिने साबणाने फाटलेल्या हातांनी गज घट्ट धरले.

रकानेबाईला तिच्याकडे बघवेना. इतक्यात मागून हेडक्लार्क म्हणाला, "आणि हो, वह्याही जाणार आहेत. यादी ताडून बघणार म्हणे."

वहीत एक्केचाळीस आणि यादीत चाळीस म्हटल्यावर ते गाळलेलं एकच नाव दिव्यासारखं उठून दिसणार. तिने यादी फाडली आणि सगळी एक्केचाळीस नावं पुन्हा लिहिली. मग वर एक कागद जोडला: 'कळ आली की कोणत्या भाषेत ओरडता, एवढंच विचारून हा रकाना भरला आहे. कोणती नर्स पाठवायची ते त्यावरून ठरते. बाई कोण, कुठली, हे त्यावरून कळत नाही.' खाली सही केली.

हेडक्लार्कने वाचून कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? तुमचं आडनाव आणि सत्ताविसाव्या नावाचं आडनाव एकच आहे. वाचणारा काय आंधळा असतो?"

"रकाना मी भरलाय. त्यात काय भरलं ते मी नाही तर कोण सांगणार?" ती म्हणाली खरी, पण हात पदराखाली लपवूनच.

गुरुवारी माणूस आला. चष्मेवाला, अगदी सभ्य. त्याने तो कागद दोनदा वाचला, यादीपासून सोडवला, नीट घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. मग हसून विचारलं, "आणि तुम्ही घरी कशात बोलता, बाई?"

तिचाच प्रश्न, बावीस वर्षं ती विचारत आलेला. खिडकीच्या या बाजूला बसलेल्या तिला तो कधी कुणी विचारला नव्हता.

"इथलीच भाषा," ती घाईने म्हणाली. "सगळे जण. सूनसुद्धा."

त्याने मान डोलावली आणि वह्या उचलल्या.

त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच तिला सुनेचा आवाज ऐकू आला. नातीला रागावत होती, पैलाडीत. आपल्या घरातला आवाज इतक्या लांब पोचतो हे तीन वर्षांत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती धापा टाकत जिना चढली आणि आधी खिडकी लावली.

"आई, काय झालं?"

तिने सगळं सांगितलं, आधीची चाळीसची यादीही.

"रकाना भरताना मला विचारलं असतंत," सून म्हणाली, "तर मी वेगळंच सांगितलं असतं. आम्ही तिला पैलाडी म्हणतच नाही. नुसतं 'बोलणं' म्हणतो. पैलाडी तुम्ही म्हणता."

दारावर थाप पडली. दोघी जागच्या जागी थिजल्या. नात मात्र टुणकन उठली आणि खणखणीत पैलाडीत ओरडली, "कोण आहे?"

रकानेबाईने झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला.

दारात शेजारीण होती, चाळणी परत द्यायला आलेली. "किती उकडतंय, आणि खिडकी काय लावून बसलात?" असं म्हणून गेली.

रकानेबाईने हात काढला. मुलगी रडली नाही. नुसती आजीकडे बघत राहिली. रात्री जेवताना तिने पाणी मागितलं, ते आईच्या कानाशी तोंड नेऊन, कुजबुजत.