भीमेकाठचं डेरा बाबा नानक

जगात गावं दोनच. एक डेरा बाबा नानक आणि दुसरं म्हणजे जे डेरा बाबा नानक नाही ते. भूगोलाचं हे सार माझ्या बायकोच्या मामांनी मला लग्नाआधीच समजावून दिलं होतं. त्यांचं स्वतःचं गाव वडगाव रासाई, म्हणजे दुसऱ्या प्रकारातलं. वाडवडील मेंढरं राखायचे, मामा कांदा आणि झेंडू लावायचे. पण मधली काही वर्षं फौजेत गेली आणि त्यातली थोडी पंजाबात, पाकिस्तानच्या हद्दीला टेकलेल्या त्या गावात. पेन्शन घेऊन शरीर तेवढं वडगावला परत आलं. बाकीचे मामा तिकडेच राहिले.

दौंड किती लांब, असं विचारलं तर उत्तर यायचं, "डेऱ्यापासनं अमृतसर हाय ना, त्याच्या अलीकडंच की!" विचारणारा चारा आणायला निघालेला असायचा, तो तसाच उभा राहायचा. मामांच्या ओसरीवर खुंटीला रुमालांचा जुडगा टांगलेला असे. गुरुद्वाऱ्यातल्या लंगराच्या पंगतीसारखं, डोकं झाकल्याशिवाय कुणाला जेवण नाही आणि जेवल्याशिवाय कुणाची सुटका नाही. थकलेल्या बिलापायी वीज तोडायला आलेला वायरमन एकदा डोक्याला गुलाबी रुमाल बांधून मांडी घालून बसलेला मी स्वतः पाहिला. "भाकरी न्हाई, परशादा म्हणायचं. आन् दोन्ही हात पुढं करा सायेब, एका हातानं काय घेताय?" वायरमन दोन्ही हातांनी पिठलं-भाकरी खाऊन, तृप्त होऊन गेला. वीज तोडायची राहूनच गेली.

त्या गावाचं वर्णन मात्र मामा हळू आवाजात करत. अरुंद गल्ल्या, गुरूंचा अंगरखा जपून ठेवलेला गुरुद्वारा, आणि गावाबाहेर रावीच्या अंगाला मातीचा उंच बांध. त्या बांधावर लोक उभे राहत आणि पलीकडे पाकिस्तानात गेलेल्या करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याचा पांढरा घुमट दुर्बिणीतून बघत. "म्हाताऱ्या बाया यायच्या, जावईबापू. हात कापायचं. मग दुर्बीण मी धरायचो. लांबनं बघायच्या, रडायच्या, आन् हासत घरी जायच्या." मामांनी नंतर पुण्याच्या जुन्या बाजारातून एक दुर्बीण आणली. वडगावात तिच्यातून बघण्यासारखं काही नव्हतं. ती सोय माझ्या लग्नानं केली.

सासूबाई म्हणजे मामांची धाकटी बहीण. त्यांचं घर भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात, अगदी काठावर. लग्न त्याच अंगणात. आमचे वडील यवतचे कापड दुकानदार, वरबाप. त्यांच्यासाठी चौरंग, रांगोळी, चांदीचं ताट असा थाट. ते बसणार इतक्यात मामांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "आबा, लंगरात सगळी सारखी! ही धरा बादली, तिकडं बँडवाली उपाशी हायती." आणि आमटीची बादली हातात! वडील इतके गोंधळले की त्यांनी दोन पंगती वाढल्या. तिसऱ्या पंगतीला वाकताना फेट्याचा शेमला आमटीत बुडाला आणि मग त्यांना आपण वरबाप असल्याचं आठवलं.

पुढचं सांगायला नको. वऱ्हाड गाड्यांत जाऊन बसलं. मी मुंडावळ्यांसकट मनधरणी करत फिरलो. वडिलांचा राग यवत येईपर्यंत निम्मा उतरला आणि पुढे तर त्यांना चटकच लागली. कुणाच्याही लग्नात बादली हिसकावून घ्यायचे. सासूबाईंचा मात्र उतरला नाही. "दादा, माज्या लेकीच्या सासऱ्याला वाढपी केलंस तू! माज्या दारात पाय ठिवू नगंस!"

फौजी माणूस, हुकूम पाळला. पण रोज दिवस कलला की मामा डोक्याला रुमाल बांधून नदीच्या दरडीवर उभे. डोळ्याला दुर्बीण. "पाय बंद केलाय तिनं, डोळं न्हाई," म्हणायचे. "आज वाळवण काढलंय." "आज जरा लंगडतीय." मी म्हणायचो, "मामा, होडी आहे, जा की!" तर म्हणत, "बोलावल्याबिगर? तिकडं बांधावर लोकं उभीच हायत की. दार उघडंल तवा उघडंल."

एका भाऊबीजेला मी त्यांच्या शेजारी होतो. पलीकडे सासूबाई ताट घेऊन अंगणात आल्या, निरांजन लावलं आणि सावकाश नदीकडे तोंड करून ओवाळू लागल्या. मामा ताठ उभे. मग ताट खाली ठेवून सासूबाईंनी हात वर केला. मामांनी घाईघाईनं दुर्बीण माझ्या हातात कोंबली.

"काचा धुरकाटल्या. बघा, जावईबापू, हात हालतोय तो ये म्हणतोय का जा म्हणतोय?"

काचांना काही झालेलं नव्हतं. मी नीट बघितलं. "ये म्हणताहेत, मामा."

"नीट बघा!"

"ये, ये करताहेत. आता रागावून करताहेत!"

मामा दरड उतरले ते जवळजवळ घसरतच. चपला हातात, डोक्यावर रुमाल, आणि होडीवाल्याला ओरडणं, "आरं हाण की!" दुर्बीण माझ्या हातातच राहिली.

ती अजून माझ्याकडेच आहे. ते दोघं आता नाहीत. कधी वडगावला गेलो तर मी दरडीवर उभा राहतो, आधी खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधतो आणि मग दुर्बीण डोळ्याला लावतो. पलीकडचं अंगण रिकामं असतं. पण दिसतं अगदी जवळ.