आईच्या अंगठ्याखालचा दिवा

महेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याला, कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. पुण्याहून त्याचा सहकारी बोलत होता. ऑफिसातच छातीत दुखू लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत... वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. महेश माझा धाकटा भाऊ. संध्याकाळी गावी पोचले आणि घरात शिरल्यावर मी पहिलं काम केलं ते हे. बैठकीतल्या फळीवर त्याने ठेवलेला कंट्रोलर मी उचलला आणि आतल्या खोलीत गाद्यांच्या मागे सारला. लोक बसायला येणार होते.

कंट्रोलर म्हणजे व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरायचं साधन. त्यावर अंगठ्याखाली येईल अशी एक गुळगुळीत पट्टी असते. ती दाबायची नसते, नुसता स्पर्श करायचा असतो. अंगठा टेकला की उचलला, कुठे सरकला, हे त्या पट्टीला कळलं पाहिजे. ते तिला कळेल असं करणं हे महेशचं काम.

हे काम त्याला मिळालं ती वर्षं आमच्याकडे कापसाची वाईट वर्षं होती. आज या गावात, उद्या त्या गावात, कोणा शेतकऱ्याने जीव दिला म्हणून बाबांना सारखं कोणाकडे तरी बसायला जावं लागे. तिथून परतल्यावर त्यांना कोणी विचारलं, पोरगा काय करतो, तर "कंपनीत आहे" एवढ्यावर ते भागवत. एकदा कापसाच्या जिनिंग कारखान्यात एका ओळखीच्याने फारच खोदून विचारलं, तेव्हा दवाखान्याच्या मशिनी बनवतो असं त्यांनी सांगून टाकलं. ते गावभर झालं. महेश दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा शेजारचे काका त्याला त्या मशिनींबद्दल विचारू लागले. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं आणि काम चालू आहे म्हणाला. जेवताना मात्र त्याने विषय काढलाच.

"मंग काय सांगू?" बाबा म्हणाले. "लोकायच्या घरी माणसं मरून राह्यले, अन् माहा पोरगा खेळणे बनवते?"

महेश ताटावरून उठला नाही. भात कालवत राहिला. ते खोटं मलाही सोयीचं झालं होतं. कॉलेजात कोणी विचारलं तर मी तेच सांगत असे.

त्या दिवाळीत त्याने चाचणीचा एक तुकडा सोबत आणला होता. अंगठा ओळखला गेला की त्यावर बारीकसा लाल दिवा लागे. माझ्या अंगठ्याने लागला. आई कापसाच्या वेचणीवरून येऊन ओसरीत टेकली होती, तिच्या हातात त्याने तो दिला. दाबू नको, नुसता ठेव म्हणाला. दिवा लागला नाही. आईला वाटलं आपला हात मळका आहे. साबणाने हात धुऊन, पदराला कोरडे करून आली. नाही लागला. मग खोबरेल तेल चोळून पाहिलं, तरी नाही. शेवटी कॅलेंडरचं पान उलटावं तशी तिने अंगठ्याला थुंकी लावली आणि दिवा लागला. आम्ही सगळे हसलो. खेळणारे काय थुंकी लावून खेळणार आहेत, असं महेश म्हणाला.

"मंग माह्यासारखीले खेळा वाटलं तं?" आईने सहज विचारलं.

महेशचं हसू थांबलं. तिचा अंगठा हातात घेऊन तो बराच वेळ पाहत होता. बोंडांच्या वाळल्या टोकांनी चिरलेला, राठ, कोरडा अंगठा. अशी कातडी पट्टीला जाणवतच नाही, त्याने मला समजावलं. पट्टी आणखी हळवी केली, तर घामेजल्या हातात ती आपोआप चालू लागते. "आम्ही आमचेच अंगठे ठेवून पाहतो, ताई. असा अंगठा आमच्या ऑफिसात एकही नाही."

पुढे फोनवर तो त्याबद्दलच बोलायचा. खेळ सुरू होण्याआधी पट्टीने उचलणाऱ्याचा हात ओळखून घ्यायचा आणि त्या हाताप्रमाणे स्वतःला जुळवायचं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. असल्या हाताचं कोण खेळणार आहे, असं वरिष्ठांनी विचारलं. "माझी आई, असं तोंडातून निघालं नाही," तो म्हणाला. "लाज वाटली, ताई..." शेवटचा घरी आला तेव्हा त्याने तसाच लाल दिवा असलेला कंट्रोलर फळीवर ठेवला. आईसाठी आहे म्हणाला आणि चालू करायचं बटण तिला दाखवलं. कोणीही तो चालू करून पाहिला नाही.

लोक आले. दवाखान्याच्या मशिनी बनवायचा, किती जीव वाचवले असतील पोराने, असं काका म्हणाले. बाबा मान खाली घालून बसले होते. मी चहाचे कप गोळा करत होते. तेवढ्यात आई बायकांमधून उठली, फळीपाशी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे वळली.

"त्याचं थे कुठी ठेवलं?"

आत, गाद्यांमागे आहे, मी म्हटलं.

"काहून?"

का ते सांगायचं सोडून मी पुढचा कप उचलला. आईने आत जाऊन गाद्या हलवल्या आणि तो घेऊन परत आपल्या जागी येऊन बसली. महेशने दाखवलं होतं तसं बटण दाबलं. हात धुतले नाहीत, थुंकी लावली नाही. अंगठा अलगद टेकवला... लाल दिवा लागला. तिने अंगठा उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा लागला.

हे काय आहे, काकांनी विचारलं.

"खेळणं आहे," बाबा म्हणाले. "महेशनं बनवलं. आईसाठी."

आता कंट्रोलर फळीवरच असतो. बाबा त्याला चार्जिंगला लावतात. शेतातून आल्यावर आई जरा वेळ तो हातात घेऊन बसते, खेळत काहीच नाही. रविवारी गावी गेले की ती फळी मी पुसते, तेव्हा फडकं त्याच्या कडेकडेने फिरवते. उचलणाऱ्याचा हात तो आधी ओळखतो, असं महेश सांगायचा. त्या संध्याकाळनंतर मी तो उचललेला नाही.