तुमचं काम दुसरा सांगेल

"तुमचं तुम्ही नाही सांगायचं!"

बैठकीत कुणी आपला लॅपटॉप उघडला की बाई चौकातल्या हवालदारासारखा हात आडवा धरायच्या. "तुमचं डॉक्टर सांगतील. डॉक्टरांचं मी. आणि माझं तुम्ही. हं, बोला."

आता तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? मी इंजिनिअर, यंत्रांची थरथर मोजण्यात माझी हयात गेली. ती डॉक्टरांनी समजावायची आणि मी समाजशास्त्रावर बोलायचं! पहिल्या बैठकीत मी इतका भडकलो की समोर आलेला चहासुद्धा घेतला नाही.

महाळुंग्याच्या एका कारखान्यात आमचं तिघांचं संशोधन चाललं होतं. तिथे लोखंडी भागांच्या कडा हातातल्या ग्राइंडरने घासतात. दिवसभर तो थरथरता ग्राइंडर धरून बोटं बधिर होतात, अशी कामगारांची तक्रार होती. थरथर मी मोजायची, हात डॉक्टरांनी तपासायचे आणि माणसांशी बाईंनी बोलायचं, अशी वाटणी होती. बाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. पिंपरीच्या कामगार वस्तीत वाढलेल्या, आमच्याहून वयाने मोठ्या आणि जिभेने तिखट.

सुरुवातीला आमच्यात एकाचा पायपोस एकाच्या पायात नव्हता. डॉक्टर माझ्या आलेखांना रांगोळी म्हणायचे, मी बाईंच्या मुलाखतींना गप्पा म्हणायचो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

बाई नुसत्या हसायच्या. "माझ्या गप्पा तुम्हालाच सांगायच्यात, सर. तेव्हा नीट ऐका."

झक मारत ऐकलं. लातूरकडचे एक भाऊ त्या कारखान्यात ग्राइंडर चालवायचे. त्यांचं बोलणं मला सगळ्यांपुढे सांगायचं होतं. "शिफ्ट सुटली की बोटं माझी राहतच न्हाईत, ताई. घरी गेल्यावर शर्टाच्या गुंड्या बायको काढून देती. पोरीसमोर लाज वाटती." हे मी सगळ्यांपुढे माझ्या तोंडाने सांगितलं. माझ्या आलेखात हे कुठेच नव्हतं. त्या दिवशी मी निमूटपणे चहा घेतला.

आणि नेमकी पुढे घोड्याने पेंड खाल्ली. डॉक्टरांच्या तपासणीत सगळ्यांचे हात जवळपास ठणठणीत निघाले. कंपनीचे साहेब खूश. "मनाचे खेळ आहेत हो. विषय बंद करू." विषय बंद म्हणजे त्या भाऊंच्या हातात तोच ग्राइंडर राहणार आणि एक दिवस बोटं कायमची जाणार. आम्ही तिघेही हे जाणून होतो.

तरी भांडत बसलो. डॉक्टर म्हणाले, "तुमची यंत्रं तपासून घ्या." मी म्हणालो, "तुम्ही चष्मा तपासून घ्या."

"तोंडं मिटा दोघंही," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, सरांचं काम सांगा बघू."

डॉक्टर कुरकुरत उभे राहिले. "सर काय करतात, तर ग्राइंडर चालू असताना, भर शिफ्टमध्ये, मुठीपाशी..." आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो राव! मी तर यांना गुरुवारी तपासलं!"

आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. कामाचा खोळंबा नको म्हणून साहेबांनी माणसांना सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात धाडलं होतं. झोप झालेले, आराम मिळालेले हात तपासले गेले. डॉक्टरांचं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं आणि दोन्ही मिळून साफ चुकलं होतं.

मग डॉक्टरांनी शिफ्ट सुटताना गेटवरच टेबल टाकलं. निकाल उलटा आला. बोटं बधिर होतीच, पण अजून सुधारण्यासारखी होती.

त्या संध्याकाळी गेटवरून परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "माझे वडील कामावरून आले की हात मांडीवर ठेवून बसायचे. आम्हाला वाटायचं, दमलेत. विचारलंच नाही कुणी."

साहेबांनी खळखळ केली, पण तिघे एका तोंडाने बोलत असल्यावर करतात काय? कमी थरथरणारे ग्राइंडर आले, पाळी बदलून काम देणं सुरू झालं. लातूरच्या भाऊंना दुसऱ्या खात्यात घेतलं. माझ्या नावावर बरीच संशोधनं आहेत, पण ज्याचा मला अभिमान वाटतो असं हे एकच. ते बाईंचं देणं आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, याचं आज बरं वाटतं. "पुरे, पुरे," असं म्हणून त्यांनी मला उडवून लावलं होतं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या, थोड्याच दिवसांच्या आजाराने. पिंपरीच्या विहारात सभा होती. डॉक्टर आणि मी शेजारी बसलो होतो. लोक एकेक करून बाईंच्या फोटोपुढे मेणबत्ती लावत होते. लातूरचे भाऊही आले होते. ते उठले, अनवाणी पायांनी थंडगार फरशीवरून पुढे गेले. दारातून वारा येत होता. पहिली काडी विझली. त्यांनी दुसरी ओढली, दोन बोटांत धरली आणि वात पेटेपर्यंत तशीच स्थिर ठेवली.

आम्ही दोघे बाईंच्या फोटोकडे बघायचं सोडून त्या बोटांकडेच बघत राहिलो.